दोन कुलपं आणि लाल रेघ

६ सप्टेंबर

सकाळी सहाला तळ्याची पातळी २०९ सेंटिमीटर. मी वाचली, कप्तानने दुजोरा दिला. कालपेक्षा चारने जास्त.

ही वही सात महिन्यांनी उघडली. एकतीस वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढली, त्यामुळे आधी बातमी, मग ती कोणी सांगितली, आणि मग बाकीचं, हा क्रम स्वतःच्या वहीतही सुटत नाही. निवृत्त झाले तेव्हा वरच्या गल्लीने हे काम माझ्या गळ्यात घातलं. रोज सहाला धक्क्याच्या खांबावरची पट्टी वाचायची, कप्तानला दाखवायची आणि कोपऱ्यावरच्या काळ्या फळ्यावर खडूने आकडा लिहायचा. कप्तान म्हणजे होडीवाला. त्याच्याकडे पायडलच्या पाच होड्या आहेत, त्यातली एक कायम उलटी घातलेली.

तळ्याचं जादा पाणी दगडी गेटातून ओढ्यात जातं. गेटात लाकडी फळ्या एकावर एक बसवलेल्या आहेत. वरची फळी काढली की तळं उतरतं आणि ओढा चढतो. आम्ही वरची गल्ली, तळ्याकाठची. ओढ्याकाठची ती खालची गल्ली. सात वर्षांपूर्वी कोणीतरी परस्पर फळी काढली आणि दोन्ही गल्ल्यांत हातघाईवर प्रकरण गेलं. तेव्हापासून फळ्यांच्या साखळीला दोन कुलपं आहेत. एकाची किल्ली माझ्याकडे, दुसऱ्याची खाली, माझ्या विहीणबाईंकडे. पट्टीवर २२० ला लाल रेघ मारली आहे. पाणी रेघेवर गेलं तरच दोघींनी मिळून एक फळी काढायची. कप्तान म्हणतो, "किल्ल्या दोन विहिणींकडे दिल्या म्हणजे संगनमत व्हायची सोयच नाही. गल्ल्यांच्या कमिटीने तेवढी एक अक्कल दाखवली."

मुलगी जाऊन चौदा महिने झाले. त्यानंतर आम्ही विहिणी कुलपाला तेल घालण्यापुरत्या भेटलो आहोत.

७ सप्टेंबर

पातळी २१०. कप्तानने बघितली.

जावई आणि भिंगरी आले होते. भिंगरी सात वर्षांची, माझी नात. एका जागी उभी राहत नाही म्हणून तिच्या आईने हे नाव पाडलं. मी तिची वरची आजी, विहीणबाई खालची आजी. आल्या आल्या मागच्या दाराशी गेली. "वरची आजी, आईची खोली उघड ना. माझा फ्रॉक आहे आत."

"नंतर उघडू."

"तू नेहमी नंतरच म्हणतेस."

खरं आहे. मागची खोली पूर्वी होडी ठेवायची होती, म्हणून घराच्या जोत्यापेक्षा खाली. तिचा उंबरा पट्टीच्या हिशेबात २१८ वर येतो. मुलगी लग्नानंतरही रोज दुपारी येऊन तिथेच शिवायला बसायची. मशीन, खुंट्यांवर टांगलेले कागदी नमुने, भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेली गिऱ्हाइकांची मापं. मशीनच्या शेजारी भिंगरीचा निळा फ्रॉक आहे, एक बाही जोडलेला. दुसरी कापून टाचण्यांनी लावून ठेवली आहे. त्या दुपारी अंगात ताप आहे म्हणून उठली ती परत बसली नाही. मी दर आठवड्याला फक्त जमीन पुसते. टाचण्यांची डबीही हलवत नाही.

जावई म्हणाले, "आई, पाणी चढतंय. मी दोन मित्रांना घेऊन येतो, सामान माडीवर नेऊ. तासाभराचं काम आहे."

"बघू," मी म्हणाले.

मग चहा पिता पिता त्यांनी सांगितलं की बदलीचं पत्र आलंय. लांबच्या शहरात. "अजून कळवलं नाही काही. भिंगरीला इथून उपटावंसं वाटत नाही." मी बरं म्हणाले. ते आणखी काही बोलतील म्हणून मी थांबले. तेही माझ्यासाठीच थांबले असावेत.

१० सप्टेंबर

पातळी २१२. कप्तानने दुजोरा दिला. संध्याकाळी त्याच्या होड्यांच्या शेडमध्ये दोन्ही गल्ल्यांची बैठक झाली.

आमच्याकडून दातांचे डॉक्टर बोलले. त्यांच्या बागेत पाणी आलंय. म्हणाले, लाल रेघेची वाट कशाला बघायची, आत्ताच एक फळी काढू.

विहीणबाई उठल्या. "मंगळवारी वाळूच्या गोण्या येताहेत. सोळा तारखेला. ओढ्याची भिंत एका ठिकाणी खचलीय, तिथे गोण्या लागल्या की दोन फळ्या काढा, आमची ना नाही. तोवर रेघ म्हणजे रेघ."

"खाली घर बांधलंत ते आम्हाला विचारून बांधलंत का?" डॉक्टर म्हणाले.

"नाही हो. आणि तुमचा गुलाबाचा वाफा तळ्यात नेऊन लावलात तेव्हा तुम्हीही तळ्याला विचारलं नव्हतं."

शेडमध्ये हशा झाला. डॉक्टरांचा आवाज चढला. "वरच्या लोकांनी किती सोसायचं?"

"पाणी खाली येतं, डॉक्टर, ते आम्ही समजू शकतो. तुमचं चिखलाचं बोलणंही खालीच सोडू नका."

कप्तान मध्ये पडला. "माझ्या होड्यांचं बघा. तळं वर असो की खाली, गिऱ्हाईक नाही ते नाहीच. त्यामुळे मीच काय तो तटस्थ."

शेवटी ठरलं, रेघ म्हणजे रेघ. आकडा माझा आणि कप्तानचा. विहीणबाई जाताना एवढंच म्हणाल्या, "तुमच्या आकड्यावर आमची झोप आहे, विहीणबाई." मला तो टोमणा वाटला.

१३ सप्टेंबर

पातळी २१५. कप्तानची कंबर धरली आहे. तो खिडकीत आला, मी बोटांनी दाखवलं, त्याने मान हलवली. दुजोरा म्हणून नोंदवते आहे.

मागच्या खोलीच्या पायरीला पाणी लागलं. अजून तीन सेंटिमीटर. उंबऱ्याला ओल्या कापडाची वळकटी लावली. भिंतीवरची मापं खालून तीन हातांवर आहेत, पण मशीनचा पाय लाकडी आहे आणि नमुन्यांची टोकं जमिनीपर्यंत लोंबतात.

जावयांचा फोन आला. "येऊ का आज?" मी म्हणाले, एवढं काही नाही. फोन ठेवल्यावर मी खोलीत गेले. खुर्चीच्या पाठीवर तिची ओढणी आहे. खुर्ची उचलायची म्हणजे ओढणी आधी काढावी लागेल. मी परत बाहेर आले.

डॉक्टर कुंपणावरून म्हणाले, "तुम्ही आहात म्हणून बरं. तुमच्या खोलीला सगळ्यात आधी लागणार, तेव्हा तुम्ही तरी जाग्या राहाल."

१४ सप्टेंबर

पातळी २१७. मी वाचली. फळ्यावर २२१ लिहिलं.

ही ओळ लिहून अर्धा तास झाला. खाली नीट लिहिते.

सहाला धक्क्यावर गेले तेव्हा पाणी रेघेच्या खाली होतं, तीन बोटं नसेल, पण दोन नक्की. आकाश भरलेलं. मी हिशेब केला की दुपारपर्यंत रेघ ओलांडणारच, मग सहाला लिहिलं काय आणि दुपारी लिहिलं काय. आता कागदावर बघते तर वाटतं, हा हिशेब एखाद्या वार्ताहराने आणला असता तर मीच तो त्याच्या तोंडावर फेकला असता. कप्तानच्या खिडकीखाली जाऊन म्हणाले, "दोनशे एकवीस." तो पडल्या पडल्या ओरडला, "तुम्ही म्हणताय म्हणजे आहेच!"

विहीणबाई साडेनऊला आल्या, पावसाळी बूट घालून, किल्ली पदराच्या गाठीला. त्या म्हणाल्या, "मंगळवारपर्यंत थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण आकडा तुमचा आहे म्हणून आले. डॉक्टरांचा असता तर स्वतः काठी घेऊन मोजला असता."

मी किल्ली मुठीत धरून उभी राहिले.

गेटकडे जायच्या आधी त्या धक्क्यावर गेल्या. बूट काढून दोन पायऱ्या उतरल्या आणि खांबाजवळ उभ्या राहिल्या. बराच वेळ. चष्मा पुसला, परत घातला, परत पुसला. मला वाटलं पाय धुताहेत. वर आल्या तेव्हा माझ्याकडे बघून विचारलं, "तिच्या खोलीत शिरलंय का?"

"अजून नाही. उंबऱ्याशी आलंय."

त्या ओढ्याच्या दिशेने बघत राहिल्या. गोण्यांचा विचार करत असणार. मग म्हणाल्या, "एका फळीने आमच्याकडे पायरीपर्यंत येतं. दरवेळी तेवढंच येतं. चला."

दोन किल्ल्या फिरल्या. फळी फुगली होती, आम्ही दोघींनी लोखंडी आकडे लावून ओढली. माझा पाय घसरला तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं, आणि फळी बाहेर येईपर्यंत सोडलं नाही.

संध्याकाळी मागच्या उंबऱ्याशी आलेलं पाणी उतरलं. खोली कोरडी. जोराचा पाऊस सुरू झाला आहे.

१५ सप्टेंबर

पहाटे ओढ्याची खचलेली भिंत गेली. खालच्या गल्लीत अकरा घरांत पाणी. जावयांनी फोनवर सांगितलं. घरात गुडघ्याच्या वर. माणसं सुखरूप, भिंगरी शेजारच्या माडीवर.

फळी परत बसवायला कप्तान कमरेला पट्टा बांधून गेला, डॉक्टरही गेले. वाहत्या पाण्यात फळी बसत नाही. सगळ्यांना माहीत आहे, तरी तासभर धडपडले.

पट्टीवर आज १९६.

१६ सप्टेंबर

खालच्या गल्लीतलं पाणी ओसरलं. मी स्वतः बघितलं. गोण्या आज आल्या.

जावई खराट्याने चिखल लोटत होते. मला बघून म्हणाले, "आई, जपून, निसरडं आहे," आणि पुन्हा लोटायला लागले. भिंगरी टेबलावर बसून पाय हलवत होती. "वरची आजी, आमच्या घरात मासा आला होता! बोटाएवढा!"

विहीणबाई आतल्या खोलीत खाली बसल्या होत्या. समोर कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा उघडा. त्यातून एकेक कपडा काढून पिळत होत्या. मी पहिला कुडता ओळखला, मग दुसरा. सगळे तिचेच.

"हे इथे होते?" मी विचारलं.

"तिने लावले होते तसेच होते. वर ठेवायला हवे होते, कळत का नव्हतं मला. मुलगा चारदा म्हणाला. पण ती घडी मोडावीशी वाटली नाही हो."

मग त्यांनी कपड्यांखालून एक वही काढली. भिंगरी बोलायला लागली तेव्हाचे बोबडे शब्द मुलगी त्यात लिहून ठेवायची, अर्थासकट. मला हे माहीत नव्हतं. शाईच्या पेनाने लिहिलं होतं. पानं उघडली तर सगळीकडे फिकट निळं, मध्ये कुठेतरी एखादी वेलांटी.

"वाळल्यावर दिसेल थोडं," मी म्हणाले.

"नाही दिसणार," त्या म्हणाल्या. "तुम्ही कागदाच्या धंद्यातल्या, तुम्हाला माहीत आहे."

मी कपडे पिळायला बसले. अकरा कुडते, तीन ओढण्या. सांगायचं होतं. पुढचा कुडता उचलला. त्यांचे हात आणि माझे हात एकाच बादलीत होते.

१८ सप्टेंबर

जावयांनी बदलीला होकार कळवला. त्यांनीच सांगितलं. विहीणबाई आणि भिंगरी बरोबर जाणार. घर ओल उतरल्यावर विकायचं. २५ ला ट्रक येणार.

२० सप्टेंबर

पातळी १९४. कप्तान म्हणाला, "आता कोण विचारतंय?" तरी खाली आला आणि बघितली.

डॉक्टरांनी फळ्यासमोर मला गाठलं. त्यांच्या बागेचा वाफा वाचला, पण आवाज उतरला होता. म्हणाले, "बैठकीत बोललो ते बोललो. पण फळी नियमाने निघाली, हे एक बरं झालं. आपल्या गल्लीवर बोट ठेवता येणार नाही."

मी घरी आले आणि मागची खोली उघडली. ओढणी काढली, घडी करून खांद्यावर टाकली. खुर्ची नेली. नमुने खुंट्यांवरून उतरवून एकात एक गुंडाळले. मशीन जड होतं, कप्तानला हाक मारली. त्याने कंबर धरून, शिव्या घालत, एकेक पायरी चढवलं. टाचण्यांची डबी शेवटी.

सगळं माडीवर. घड्याळ बघितलं. चाळीस मिनिटं लागली.

कप्तान घाम पुसत म्हणाला, "एवढंच होतं? मला वाटलं, किती सामान असेल." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "पाणी आणू का?"

२१ सप्टेंबर

आज कोणी सांगितलेली बातमी अशी काही नाही.

भिंगरीचे बोबडे शब्द आठवायला बसले. साबणाला 'भुबू'. पावसाला 'पापाऊ'. पुढे काही आठवेना. तेव्हा मी डेस्कवर होते. तिची आई फोनवर सांगायची, "आई, आज काय म्हणाली माहितीये?" आणि मी म्हणायची, पान लावून झालं की करते फोन.

२३ सप्टेंबर

विहीणबाई भिंगरीला घेऊन स्वतःहून वर आल्या. किल्ली द्यायला. "आता दोन्ही तुमच्याकडेच ठेवा. खालून कोणी पुढे येईल तेव्हा द्या."

मी म्हणाले, "माझ्याकडे दोन्ही नकोत."

"ठेवा हो," त्या म्हणाल्या. किल्ली टेबलावर ठेवली आणि तिच्यावर हात ठेवून बसल्या. "आकड्यांचं फार मनाला लावून घेऊ नका. माझाही अंदाज चुकला." असं का म्हणाल्या ते कळलं नाही. पावसाच्या अंदाजाबद्दल असेल.

भिंगरी माडीवर पळाली होती. वरून ओरडली, "फ्रॉक सापडला!" आणि एक बाही अंगात, एक हात उघडा, अशी जिन्यावरून उतरली. पाठीत घट्ट, खाली गुडघ्याच्या बराच वर. "लहान झाला," ती म्हणाली. रडली नाही. आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत राहिली, चूक कोणाची ते विचारावं तसं.

मी म्हणाले, "माझं चुकलं, भिंगरी. आधीच द्यायला हवा होता."

विहीणबाईंनी तिला जवळ ओढलं, फ्रॉकची खालची कड उलटी केली. बोटं घालून मोजली. "अगं बाई. चार बोटं दुमड ठेवलीय. बघा, विहीणबाई. आणि बगलेतही दोन-दोन बोटं कापड आहे." त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला. "तिला माहीतच होतं, पोरगी वाढणार. आणि आपल्याला द्यायला उशीर होणार."

आम्ही दोघी कड धरून बसलो. भिंगरी मध्ये उभी होती, पहिल्यांदाच न हलता.

शेवटी भिंगरीने विचारलं, "मग होईल का मला?"

"होईल," विहीणबाई म्हणाल्या. "परवा निघायच्या आधी येते सातला. तिच्याच मशीनवर उसवून शिवू. बाही जोडायला अर्धा तास."

जाताना दारात थांबून त्यांनी शब्द सांगितले. 'कुकू' म्हणजे टोपी. 'नन्ना' म्हणजे चंद्र नाही, दिवा. असे अकरा. मी लिहून घेतले. माझे दोन मिळून तेरा. वहीत शंभर तरी असतील, असं त्या म्हणतात.

२४ सप्टेंबर

पातळी १९३. मी वाचली. कप्तानला खांबाजवळ नेऊन, चष्मा लावायला लावून, त्याच्याकडून वाचून घेतली. तो म्हणाला, "आज एवढी कडक का?" मग मी त्याला १४ तारखेचं सांगितलं. सगळ्यात आधी त्याला, कारण दुजोरा त्याच्या नावावर होता.

तो धक्क्यावर बसला. म्हणाला, "मी अंथरुणातून उठलो असतो तर..."

"तू आजारी होतास."

"तुम्हीही होतात," तो म्हणाला. "आमच्या लक्षात आलं नाही."

डेस्कवर आमचा एक नियम होता. चूक ज्या पानावर गेली, दुरुस्ती त्याच पानावर, त्याच जागी, तेवढ्याच अक्षरात द्यायची. आतल्या पानात लपवायची नाही. मी तो नियम दुसऱ्यांना कितीदा ऐकवला असेल. मसुदा करून ठेवला आहे: "१४ सप्टेंबरला पातळी २२१ लिहिली होती. ती २१७ होती. रेघ ओलांडली नव्हती. आकडा मी जाणूनबुजून चुकीचा लिहिला, माझ्या घरातली एक खोली वाचवण्यासाठी. कप्तानने पट्टी पाहिली नव्हती, खालच्या गल्लीचा यात काही दोष नाही." खाली माझं नाव. पाच ओळी होतात. फळ्यावर मावतात, मी अक्षरं मोजली.

माझी किल्ली कप्तानकडे दिली. दुसरी टेबलावर आहे, विहीणबाईंनी ठेवली तिथेच.

मशीनला तेल घातलं. निळ्या दोऱ्याचं रीळ डबीत होतं, बॉबिन भरून ठेवली. फ्रॉकची कड उसवायला घेतली होती, पण पहिला टाका हातात आला आणि थांबले. ते विहीणबाईच करतील.

उद्या सहाला पट्टी वाचून फळ्यावर दुरुस्ती लिहायची आहे. सातला विहीणबाई यायच्या आहेत, भिंगरीला घेऊन. खालून वर यायला तो एकच रस्ता आहे आणि फळा कोपऱ्यावरच आहे. भिंगरी वाचायला शिकल्यापासून दिसेल ती पाटी मोठ्याने वाचते. नऊला ट्रक.